अंगठ्याची खाच

नेमबाजी क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप, म्हणजे मूठ, माझ्या हाताला चांगलीच मोठी होती. अक्रोडाचं लाकूड, कुणातरी रुंद पंजाच्या पुरुषाच्या मापाचं. मी एकोणीस वर्षांची असताना सरांनी ते हातात दिलं आणि म्हणाले, "सध्या हेच आहे, जुळवून घे." मी जुळवून घेतलं. पहिल्या आठवड्यात डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळली. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. शेवटी बाबांच्या वर्कशॉपमधून एम-सील आणलं, तळव्याखालच्या पोकळीत थापलं आणि ते ओलं असतानाच ग्रिप मुठीत धरून बसून राहिले. सुकल्यावर त्यात माझ्या अंगठ्याची खाच उमटली होती. त्या खाचेत अंगठा ठेवून मी पाच वर्षं नेम धरला.

गेल्या वर्षी माझ्या स्वतःच्या नावाचा शस्त्र परवाना हातात आला. नेमबाजीत नसलेल्यांना वाटतं की पिस्तूल म्हणजे दुकानात जाऊन घ्यायची वस्तू. आधी राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण करावे लागतात, मग 'रिनाउन्ड शॉट' हा दर्जा मिळतो, आणि त्या दर्जावर परदेशातून पिस्तूल मागवायची परवानगी मागता येते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, पोलीस पडताळणी, घरातल्या लोखंडी कपाटाची पाहणी. पडताळणीला आलेल्या हवालदारांना आजीने चहा दिला आणि विचारलं, "हे सगळं तुम्ही लिहून घेताय, पण पोरगी कुठं कुठं पहिली आली ते लिहिलं का?" त्यांनी कप खाली ठेवला आणि खरंच लिहून घेतलं.

राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर आधी मावळणकर स्पर्धा लागते. रेंजवर आम्ही सहज म्हणतो, "मावळणकर झाली का?", जणू दहावीची परीक्षाच. किती तरी वर्षं मला कळलं नव्हतं की हे मावळणकर म्हणजे गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती आणि १९५१ साली स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक. कोकणातून गुजरातेत गेलेल्या घराण्यातला एक मराठी वकील, अहिंसेच्या चळवळीत तुरुंगात गेलेला, आणि स्वातंत्र्यानंतर त्याने नेमबाजीची संस्था उभी केली. मला याचं फार अप्रूप वाटतं. नेमबाजी म्हणजे हिंसा नव्हे, हे पटवायला मी नातेवाइकांसमोर वर्षानुवर्षं झगडले आहे. हे नाव आधी ठाऊक असतं तर निम्मं काम सोपं झालं असतं.

परवाना आला तेव्हा समोर दोन रस्ते होते. एक, इटलीची पार्दिनी एसपी नवी कोरी मागवायची. दुसरा, पुण्यातल्या एका निवृत्त नेमबाजांची जर्मन वॉल्थर जीएसपी रीतसर परवानगी काढून विकत घ्यायची. त्यांना सगळे अप्पा म्हणतात. अप्पांनी ती लेकरासारखी सांभाळली होती. पैशांचं म्हणाल तर दोन्ही वाटा लाखांच्याच, वॉल्थरची थोडी स्वस्त, त्यापलीकडे त्यात बोलण्यासारखं काही नाही. मला छळत होता तो प्रश्न हाताचा होता.

आमचा खेळ आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ६० गोळ्या. पहिल्या ३० अचूकतेच्या, पाच मिनिटांत पाच अशा सहा मालिका. तिथे लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. उरलेल्या ३० जलद फेरीच्या. त्यात दहाचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं होतं, म्हणजे व्यासाने दुप्पट, पण वेळ मिळतो ३ सेकंद. हात खाली, ४५ अंशांत. हिरवा दिवा लागला की पिस्तूल वर, नेम, एक गोळी. दिवा लाल झाला की हात परत खाली, ७ सेकंद. पुन्हा हिरवा. असं पाच वेळा झालं की एक मालिका. पिस्तूल पॉइंट टू-टूचं, म्हणजे ०.२२ इंची गोळीचं, सेमी ऑटोमॅटिक, एका हातात धरायचं. ट्रिगरचं वजन कमीत कमी १००० ग्रॅम. सामन्याआधी बॅरल उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात आणि पिस्तुलाने ते उचललं तरच पुढे जाऊ देतात. एअर पिस्तुलात हेच वजन ५०० ग्रॅम असतं. मी एअर पिस्तुलातून इकडे आले तेव्हा पहिले काही दिवस तर्जनीला वाटायचं, कुणी किलोभर साखरेची पिशवी बोटाला टांगून ठेवली आहे.

बाबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतात. तीस वर्षं. ऑइल इंजिनाच्या भागांपासून सुरुवात केली, आता व्हॉल्व्हचे जॉब करतात. नेमबाजीतलं त्यांना काही कळत नाही असं ते स्वतः सांगतात, पण लोखंड कळतं. म्हणून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर अप्पांची वॉल्थर बघायला जायचं ठरलं तेव्हा मी त्यांना बरोबर घेतलं. कोल्हापूरहून पहाटेची एसटी धरली. वाटेत सातारा येईपर्यंत ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "विकणारा माणूस का विकतोय ते आधी विचारूया." मी सांगितलं, अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ते म्हणाले, "मग ठीक."

अप्पांनी पेटी उघडली, मॅगझिन काढलेलं दाखवलं, बोल्ट, म्हणजे गोळीमागचा सरकता लोखंडी तुकडा, मागे ओढून चेंबरमधला केशरी सेफ्टी फ्लॅग, पिस्तूल रिकामं असल्याची खूण, दाखवला आणि मगच पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड टार्गेटकडे करून. जुन्या नेमबाजांचा हा रिवाज मला नमस्कारासारखा वाटतो. मग त्यांनी ट्रिगरचा अख्खा गट पिस्तुलातून सुटा करून बाबांच्या तळहातावर ठेवला. जीएसपीत ट्रिगरची सगळी यंत्रणा एका ठोकळ्यासारखी बाहेर येते. बाबांनी खिशातून चष्मा काढला. किती तरी वेळ ते त्या ठोकळ्याकडे बघत होते, नखाने एकेक कड चाचपत होते. "कुठं बर नाही," ते म्हणाले. बर म्हणजे यंत्रावर कापलेल्या धातूच्या कडेला राहणारी कच. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

अप्पांनी वॉल्थरची गोष्टही सांगितली. कार्ल वॉल्थरने १८८६ साली जर्मनीतल्या थुरिंगिया भागात छोटं दुकान टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो भाग रशियाच्या ताब्यात गेला, कारखाना गेला, आणि घराण्याला पश्चिमेकडे उल्ममध्ये पुन्हा शून्यातून उभं राहावं लागलं. हे लोक पिस्तुलांबरोबर आकडेमोडीची यंत्रंही बनवायचे, हे ऐकून बाबा खूश झाले. "म्हणजे गिअरवाले," म्हणाले, आणि त्यांच्या मनाचा निर्णय तिथेच झाला असं मला वाटतं.

जीएसपी बाजारात आली १९६८ साली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची स्वतंत्र पिस्तूल स्पर्धा सुरू झाली १९८४ साली, लॉस एंजेलिसला. मधली सोळा वर्षं मी रात्रीच्या परतीच्या एसटीत मोजत बसले होते. ज्या टेबलावर त्या पिस्तुलाचे आराखडे काढले गेले, तिथे माझ्यासारखा पंजा कुणाच्या डोळ्यांसमोर असेल? दोष देत नाही. पुढे लहान ग्रिपाही मिळू लागल्या. पण क्लबच्या पिस्तुलाला मी पट्ट्या का गुंडाळत होते, याचं उत्तर मला त्या दोन सालांमध्ये सापडलं. तोवर मला वाटायचं की माझा हातच कमी पडतो.

त्या दिवशी वॉल्थरने मी अचूकतेच्या चार मालिका मारल्या आणि अप्पा मागे दुर्बिणीला डोळा लावून बसले. पहिल्याच मालिकेत पन्नासपैकी ४८. शेवटच्या दोन तर अशा पडल्या की पाचही भोकं मुठीएवढ्या जागेत. पिस्तूल पुढच्या बाजूला जड वाटत होतं, तो भार मनगटाला ओळखीचा होता. जलद फेरीत हात वर आला की फ्रंट साइट, म्हणजे बॅरलच्या टोकावरचं नेमाचं पातं, मागच्या साइटच्या खाचेत आपोआप येऊन बसायची, घरचा माणूस न विचारता आपल्या पाटावर बसतो तशी. अप्पा म्हणाले, "बाळ, हे तुझ्यासाठीच थांबलं होतं." बाबांनी मान हलवली. मी पण हलवली.

पार्दिनीची वेळ आली पंधरा दिवसांनी. क्लबमधली एक सीनियर ताई तीवरच सराव करते. पार्दिनी हे टस्कनीच्या समुद्रकाठचं, लिदो दि कामायोरे नावाच्या गावातलं घर. जाँपिएरो पार्दिनीने १९७० च्या दशकात सुरू केलेलं, आणि फक्त स्पर्धेच्या पिस्तुलांनी नावारूपाला आलेलं. वॉल्थरसारखा युद्धांचा, सैन्यांचा इतिहास यामागे नाही. ताईने पिस्तूल हातात दिलं आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही की बॅरल हाताच्या किती जवळ बसली आहे. तर्जनी ताणून बोट दाखवावं तर बोटाच्या रेषेतच बॅरल. मॅगझिन दोन्ही पिस्तुलांत ट्रिगरच्या पुढेच असतं, पण इथे वजन पुढे पळत नव्हतं, मुठीत येऊन थांबत होतं.

बाबांनी याही पिस्तुलाची पाहणी केली. त्यांना बोल्टचं काम बघायचं होतं, तेव्हा ताईने रिकाम्या पिस्तुलाचा बोल्ट मागे ओढून दाखवला. या पिस्तुलांत गोळी सुटते तेव्हा बोल्टला कुठलंच कुलूप नसतं. बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग, एवढ्याच बळावर तो गोळी बॅरलबाहेर पडेपर्यंत जागच्या जागी राहतो, मग मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो आणि येताना नवं घेऊन येतो. "म्हणजे दाराला कडी नाही," बाबा म्हणाले, "मागं नुसता धोंडा लावलाय." मी इतकी वर्षं हे पुस्तकातल्या भाषेत पाठ केलं होतं, कळलं त्या दिवशी. धोंडा हलका असेल तर दार लवकर उघडेल, जड असेल तर अर्धंच उघडून अडकेल. म्हणूनच गोळ्या बदलल्या की पिस्तूल रुसतं. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या लॉटनीसुद्धा वागणं बदलतं. कुठल्याही पिस्तुलाचा निकाल गोळ्यांच्या एका डब्यावर लावू नये, हे मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं.

पार्दिनीने मी वाईट मारलं. हे सरळ सांगते. अचूकतेत ४५, ४४. जलद फेरीत त्याहून वाईट. हात वर यायचा आणि फ्रंट साइट मागच्या खाचेत खाली बुडालेली दिसायची. ती वर काढण्यात सेकंद जायचा, उरलेल्या घाईत ट्रिगर झटकला जायचा. भोकं खाली, एकाखाली एक. पाचव्या मालिकेनंतर मी पिस्तूल टेबलावर ठेवलं. घशाशी काहीतरी आलं होतं. ताई म्हणाली, "तुझा दिवस नाही आज." बाबा म्हणाले, "जर्मनच घेऊ की मग." सर गप्प होते.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर सरांनी मला एक वेगळी गोष्ट करायला लावली. रिकामं पिस्तूल, डोळे मिटून हात वर न्यायचा, नेमाच्या जागी थांबवायचा आणि मग डोळे उघडायचे. क्लबचं, वॉल्थर आणि पार्दिनी, तिन्हींनी. अप्पा त्या आठवड्यात लेकीकडे कोल्हापूरला आले होते, त्यांनी कागदपत्रांसकट वॉल्थर बरोबर आणली होती. पन्नास-पन्नास वेळा. सर शेजारी उभे राहून माझ्या मनगटाकडे बघत होते, टार्गेटकडे एकदाही नाही.

मग म्हणाले, "तू मनगट खाली दाबतेस."

क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप माझ्या हातात नीट बसत नव्हती, त्यामुळे हात वर नेला की त्याचं तोंड वर जायचं. ते खाली आणायला मी मनगट दाबायला शिकले. पहिल्या वर्षी जाणूनबुजून, मग नकळत. एम-सीलच्या खाचेने तो दाब पक्का केला. पाच वर्षांत तो माझ्या अंगाचा झाला, इतका की तो दाब म्हणजेच माझी शैली असं मी धरून चालले. वॉल्थरचा भार आणि अप्पांच्या ग्रिपचा कोन त्या दाबाला पटला, म्हणून पहिल्याच दिवशी ४८ आले. वॉल्थरमध्ये काहीच चूक नव्हती. तिने माझ्या सवयीचा मान ठेवला. पार्दिनी मोकळ्या हाताला जिथे बोट जातं तिथेच बघत होती, आणि माझा हात मोकळा नव्हता.

हे ऐकल्यावर मला कोपर आठवलं. वर्षभर माझं उजवं कोपर बाहेरच्या बाजूने दुखत होतं. जलद फेरीच्या शेवटच्या दोन मालिकांत तर ठणकायचं. मी बर्फ लावत होते, पट्टा बांधत होते, फिजिओकडे जात होते. मनगटाचा ताण कोपराला लागतो हे तिथे मला एकदा सांगितलंही होतं, पण ताण कुठून येतो हे विचारायचं मला सुचलं नाही. सामना रंगात आला की गोळ्या खाली जायच्या, त्याला मी मनाचा कमकुवतपणा समजायचे. एका स्पर्धेनंतर रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते, मी घाबरते म्हणून. मला आज त्या मुलीला जवळ घ्यावंसं वाटतं.

आमच्या गावात २५ मीटरचं नाव निघालं की राही सरनोबत यांचं नाव येतंच. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारात अनीसा सय्यद यांना सुवर्ण आणि राहीताईंना रौप्य, २०१४ ला ग्लासगोत नेमकं उलट. दोघी महाराष्ट्राच्या. आणि २०१८ ची आशियाई स्पर्धा, पालेमबांगला. कोपराच्या दुखापतीतून परत आलेल्या राहीताई अंतिम फेरीत ३४ वर होत्या, थायलंडची मुलगीही ३४ वर. शूट-ऑफ, त्यातही बरोबरी. पुन्हा शूट-ऑफ, आणि सुवर्ण. मी तो सामना फोनवर एवढ्या वेळा पाहिला आहे की बीपचा ताल पाठ झाला आहे. पण सरांच्या त्या वाक्यानंतर मी पुन्हा पाहिला तेव्हा फक्त हात पाहिला. ४५ अंशांतून वर येणारा, कुठेही न दाबलेला, विहिरीतून भरलेली कळशी डचमळू न देता वर यावी तसा.

आता निवड राहिली होती ती दोन कारखान्यांमधली नव्हतीच. वॉल्थर घेतली तर दुसऱ्या दिवसापासून गुण मिळणार होते आणि सवय तशीच राहणार होती, कोपरासकट. पार्दिनी घेतली तर मनगट पहिल्यापासून शिकवायचं. किमान एक हंगाम मागे जायचं. राज्य स्पर्धा तोंडावर होती. खाली गेलेले गुण कागदावर कायमचे राहतात. संघटनेच्या यादीत कुणी शेजारी टीप लिहीत नाही की ही सध्या मनगट सोडवते आहे.

पिस्तूल घेताना लोक काय काय बघतात ते मीही सगळं बघितलं होतं. धक्का किती येतो, तोंड किती उसळतं. आणि यात माझी फसगत झाली होती. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये सर्वांत वेगवान मालिकेत ४ सेकंदांत पाच वेगळ्या टार्गेटांवर पाच गोळ्या जातात, तिथे धक्क्यानंतर तोंड कुठे थांबतं यावर पुढची गोळी ठरते. आमच्यात दर गोळीनंतर हात खालीच जातो, मध्ये ७ सेकंद असतात. आम्हाला पिस्तुलाचं जाणं तितकं नडत नाही, येणं नडतं. खालून वर. मी दोन महिने धक्क्याच्या चर्चा वाचण्यात घालवले, कारण सगळे त्याबद्दलच बोलत होते. ट्रिगरबद्दल म्हणाल तर दोन्ही सुंदर. बोट दाबलं की पहिला हलका टप्पा, मग अडवणारी भिंत, मग काचेची कांडी मोडावी तशी सुटका. वॉल्थरची भिंत थोडी ठाम, पार्दिनीची थोडी मऊ, आणि दोन्हीकडे ती स्क्रूने हवी तशी लावता येते. यावरून भांडणारी मंडळी मी रेंजवर पाहिली आहेत. मला त्यात जीव वाटत नाही.

सुट्या भागांचा विचार मात्र बाबांनी करायला लावला. बोल्ट मागे येऊन आदळतो तिथलं रबर झिजणार, फायरिंग पिन कधीतरी जाणार, मॅगझिनचे ओठ वाकणार. परदेशातून मागवायचं तर महिने जातात. रेंजवर कुणाकडे काय आहे हे म्हणूनच महत्त्वाचं. अडीअडचणीला ताईची पेटी दोन लेन पलीकडे आहे, अप्पांची पुण्यात. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलाने भर सामन्यात दगा दिला, तिची मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ वर ती थोडक्यात अंतिम फेरीबाहेर राहिली. ते पाहताना आमच्या घरात कुणी जेवलं नव्हतं. बाबांनी त्या रात्री मला क्लबच्या पिस्तुलाचा एकेक स्क्रू तपासायला लावला होता.

निर्णयाच्या आदल्या संध्याकाळी मी वर्कशॉपवर गेले. बाबा जॉब लावत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला जर्मन आवडलंय ना?" त्यांनी मशीन बंद केलं. हात पुसत कोपऱ्यातल्या जुन्या लेथकडे बोट केलं. "हा बावीस वर्षं चालवला. स्क्रूत ढिलाई आली होती. चाक अर्धा फेरा फिरवलं तरी टूल हलायचं नाही. मला ते हाताला पाठ झालं होतं. मी अर्धा फेरा जास्तच द्यायचो, जॉब मापात यायचा. मग नवा घेतला. पहिले दहा जॉब भंगारात गेले. नव्यात ढिलाई नव्हती, अन् माझ्या हातात होती."

"मग जुन्यावरच का नाही राहिलात?"

"जुन्यावर मीच काम करू शकत होतो. पोरगं ठेवलं हाताखाली तर त्याला शिकवू काय? ढिलाई?"

त्यांनी परत मशीन सुरू केलं. मी तिथेच उभी राहून कागदावर उजवा पंजा टेकवला आणि पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ काढली, ग्रिपच्या मापासाठी. बाबांनी व्हर्नियरने तळव्याची रुंदी घेतली, दोनदा, आणि आकडा माझ्या रेघेखाली त्यांच्या अक्षरात लिहिला. ग्रिप निघाली स्मॉल.

अप्पांना नाही म्हणायला मी पुण्याला गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. ते ऐकत राहिले, मग माझं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं. म्हणाले, "मी तुझ्या वयाचा असताना हे मला कुणी सांगितलं असतं तर," आणि पुढचं बोलले नाहीत. त्यांची वॉल्थर नंतर नाशिककडच्या एका मुलाने घेतली. छान मारतो तो.

पार्दिनी आली ती ऐन जुलैत. पावसात लाकूड फुगतं, म्हणून पहिले दोन आठवडे सरांनी ग्रिपला कानस लावू दिली नाही. रोज रात्री कपाटातून काढून, रिकामी, भिंतीवरच्या कोऱ्या कागदासमोर दोनशे वेळा हात वर, हात खाली. तेलाचा वास माझ्या उशीला लागला. राज्य स्पर्धेत माझे गुण दोन वर्षांपूर्वीच्या पातळीवर गेले, ओळखीच्या लोकांनी बघून न बघितल्यासारखं केलं. खंडेनवमीला बाबांनी पाटावर मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि लेथचं टूल मांडलं, मधोमध जागा रिकामी ठेवली आणि मला हाक मारली. आजीने हळदकुंकू वाहिलं. नोव्हेंबरात एका सकाळी हात वर गेला आणि साइट खाचेत होती. पुढच्या वेळीही. कोपर त्या दिवसापासून दुखलंच नाही असं नाही, पण शेवटच्या मालिकेपर्यंत मला त्याची आठवण झाली नाही.

क्लबचं पिस्तूल डिसेंबरात परत मागितलं गेलं. कागलकडून येणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीला सरांनी पॉइंट टू-टूवर घ्यायचं ठरवलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं तिचं मनगट. ग्रिपचे स्क्रू काढून मी ती वर्कशॉपवर नेली. आधी चिकटपट्टी सोडली, आतली काळी पडलेली. मग ट्यूब. मग छिन्नी आणि कानस घेऊन एम-सील खरवडायला बसले. दोन तास लागले. खाच सगळ्यात शेवटी निघाली. खाली लाकूड फिकट होतं, पाच वर्षं ऊन न लागलेलं. पॉलिश पेपर मारून, जवसाचं तेल पुसून दुसऱ्या दिवशी ती घेऊन गेले.

मुलीने ग्रिप हातात घेतली. तिची बोटं अर्ध्यातच संपली. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, याला काय गुंडाळू?"

"आज काही नको," मी म्हटलं. "हात टेबलावर ठेव. आधी माप घेऊ."